वीस दोऱ्यांचं चाक

दोरा की तार, एवढंच ग्रिटने विचारलं आणि खिडकीची काच सरकवून ट्राम पुढे नेली. बुधवार होता, सकाळचे सात वाजून बारा मिनिटं. मी चौकातल्या थांब्यावर उभी होते. माझी मैत्रीण ग्रिट समोरच्या फलाटावर गाडी लावून माणसं चढायची वाट पाहत होती. मला पाहताच तिने काच बाजूला केली आणि चालकाच्या जागेवरूनच ओरडली, "इनेस! डॉक्टरने सोडलं एकदाचं. पुढच्या रविवारच्या सायकल शर्यतीत उतरतेय मी. पुढचं चाक तू निवडायचंस." मी म्हणाले, "मी?" "मग काय माझी ट्राम निवडणार? दिवसभर प्रयोगशाळेत दोरे ओढत बसतेस, त्याचा कधीतरी उपयोग होऊ दे. दोरा की तार? शनिवारपर्यंत सांग." दोनदा घंटा वाजवून ती गेली. त्या घंटेत नेहमीचीच थट्टा होती. मधल्या वेळात माझी ट्राम येऊन निघूनही गेली होती, आणि माझा अंगठा पिशवीच्या पट्ट्यावर एकसारखा टिचक्या मारत होता. पट्टा सैल होता. त्यातून काही आवाज येत नव्हता, तरी अंगठा थांबत नव्हता.

ही अंगठ्याची सवय बाबाची. तो तीस वर्षं इथल्या सायकलच्या धावपट्टीवर मेकॅनिक होता, जर्मनीचे दोन तुकडे होते आणि शहराचं नाव वेगळं होतं तेव्हापासून. चाकं बांधायची, त्यांचा आऊट, म्हणजे फिरतानाची डगमग, काढायचा, शर्यतीच्या सकाळी प्रत्येक चाकातली प्रत्येक तार अंगठ्याने छेडून ऐकायची. ताण मोजायचा काटा त्याने आयुष्यात हातात धरला नाही. "काटा बिघडतो, तार खोटं बोलत नाही," म्हणायचा. मी सात-आठ वर्षांची असताना तो मला स्टुलावर बसवायचा, चाक माझ्यासमोर धरायचा आणि एकेक तार छेडत विचारायचा, "वर की खाली?" मी सांगायचे. चुकले तर तो रागवायचा नाही, तीच तार पुन्हा छेडायचा, मी बरोबर सांगेपर्यंत. पुढे मी पदार्थविज्ञान शिकले त्याचं मूळ बहुधा त्या स्टुलावर आहे. ताण, लांबी, वजन आणि सूर यांचं नातं मला सूत्र म्हणून भेटलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्या घरचंच माणूस आहे, कपडे तेवढे निराळे घातलेत. त्या सूत्रात वजन आहे, ही गोष्ट बाबाला मी कधी सांगितली नाही. गरजही नव्हती. त्याच्या सगळ्या तारा पोलादाच्या होत्या, सगळ्या सारख्याच वजनाच्या.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा उशीर झाला होता. खालच्या खोलीत, जिथे उन्हाळा असो की हिवाळा पारा वीस अंशांवरच असतो, एक दोरा गेल्या जुलैपासून वजन लावून टांगलेला आहे. रोज सकाळी आल्या आल्या मी त्याची लांबी वाचते आणि वहीत लिहिते. कृत्रिम धाग्याचा हा दोरा पोलादाहून बळकट, वजनाने निम्म्याहून हलका, पण एक खोड आहे त्याला: ताणाखाली ठेवला की तो हळूहळू लांबत राहतो. तुटत नाही, तक्रार करत नाही, नुसता लांबतो. पहिल्या दिवशी जास्त, मग कमी, मग इतका कमी की आकडा बदलायला आठवडे लागतात. म्हणूनच तारेच्या जागी चाकात बसवण्याआधी तो चांगला ओढून घ्यावा लागतो. त्या दिवशी आकडा तोच होता. तोच असणार हे मला माहीत होतं, तरी मी तीनदा वाचला. मग वर येऊन कागदावर दोन रकाने केले. तारेचं चाक, दोऱ्याचं चाक. दोन्हीला रिम तीच घेतली, कार्बनची, पन्नास मिलिमीटर उंच, वारा कापणारी. तार चपटी असते, ती हवेत पातळ पात्यासारखी जाते. दोरा गोल आणि जाड, म्हणून तो वाऱ्यात थोडा अडतो, वीस किलोमीटरांत चार सेकंद. दोन्ही चाकं मिळून दोऱ्याने दोनशे ग्रॅम वाचतात, पण सपाट रस्त्यावर त्याला फारसा अर्थ नाही. आणि तिसरी ओळ, जी लिहिताना पेन थांबलं: हादरा. उंच रिम रस्त्याचा प्रत्येक खडा जसाच्या तसा वर पाठवते. तार तो हातात, कमरेत पोचवते. दोरा वाटेतच खाऊन टाकतो. ग्रिटच्या खुब्यात एक पट्टी आणि पाच स्क्रू आहेत. हिशेब करायला काही उरलंच नव्हतं. दोरा. कुठल्याही तिऱ्हाइताने हा कागद पाहून दोराच म्हटलं असतं.

आणि दोरा म्हटलं की ग्रिट विचारणार, मग मागच्या वेळी काय झालं?

दोन वर्षांपूर्वीचा वसंत. आमच्याकडे चाचणीसाठी आलेल्या दोऱ्यांपैकी थोडे उरले होते. साहेबांची परवानगी घेऊन मी ते बाबाकडे नेले. त्याआधीच्याच हिवाळ्यात कानाच्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की उजवा कान उंच सुरांना गेला आहे, डावाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टरने दिलेलं ऐकायचं यंत्र त्याने बियाण्यांच्या पाकिटांच्या खणात ठेवून दिलं होतं, गाजर आणि मुळ्याच्या मध्ये. मी ते पाहिलं होतं, काही बोलले नव्हते. बागेतल्या लाकडी खोपटात त्याचं बस्तान आहे. शहराबाहेर रेल्वेरुळाला लागून आमच्या बागा आहेत, शंभरेक कुटुंबांच्या, चटईएवढ्या चटईएवढ्या. तिथला नियम असा की दुपारी एक ते तीन कुणी आवाज करायचा नाही. गवतकापणी बंद, हातोडा बंद, रेडिओ बंद. बाकीचे त्या वेळात झोपतात. बाबा चाकं बांधतो, कारण फक्त त्या दोन तासांतच त्याला तारा ऐकू येतात. त्या दिवशीही त्याने तसंच केलं. वीस दोरे ओवले, आवळले, छेडले, ऐकले. दोऱ्याचा आवाज दबका असतो, बंद डबीतल्या भुंग्यासारखा. बाबा कपाळ रिमला टेकवून ऐकत होता. हाडातून सूर पोचतो म्हणे. तासाभराने मान वर करून लहान मुलासारखा हसला. "झालं बघ. विसाच्या वीस एका सुरात. पोलादासारखा. कान गेले म्हणे!" मग प्लमच्या झाडाखाली खुर्ची टाकून झोपला. मी चाक मांडीवर घेतलं, पिशवीतून ताण मोजायचा काटा काढला. हजार न्यूटन ताण हवा होता तिथे साडेचारशे.

मला चुकीमागचं कारण शोधायला अर्धं मिनिटही लागलं नाही. दोरा हलका. हलक्या दोऱ्यावर तोच सूर काढायचा तर ताण निम्म्याहून कमी पुरतो. तार जिथे सा देते तिथे तेवढ्याच ताणाखाली दोऱ्याने पंचम द्यायला हवा. बाबाने दोऱ्यातून सा काढला होता. अचूक, स्वच्छ सा. वाटाण्याच्या बियांच्या पाकिटामागे मी आकडेमोड केली, पुन्हा केली. तो झोपला होता, तोंड किंचित उघडं, छातीवर हात. मी पाना उचलला आणि वीसही दोरे आवळले, एकेका वेढ्याने, फेऱ्या मारत, आऊट जाऊ न देता. शेजारच्या बागेत ड्रेक्सलरबाईंच्या कोंबडीखेरीज कुणाला पत्ता लागला नाही. तीन वाजता गवतकापणी यंत्रं सुरू झाली तेव्हा बाबा उठला, चाक हातात घेऊन फिरवलं, "खासं चाललंय," म्हणाला. त्याने पुन्हा छेडून पाहिलं असतं तर? पण आता आवाज सुरू झाला होता, आणि आवाजात तो छेडत नसे. मला वाटलं, एक चाक, एक दुपार. म्हाताऱ्याला त्याचे कान परत मिळाल्यासारखे वाटतायत, मिळू देत.

त्या चाकावर शर्यतीत मी माझ्या वयोगटात तिसरी आले. बाबाने ते बागांतल्या शंभर कुटुंबांना सांगितलं, सायकलच्या क्लबात सांगितलं, ब्रेडच्या दुकानात सांगितलं. "दोरा असो, तार असो, कानाला कळतं." महिन्याभराने मी आखेनला एका परिषदेला गेले होते तेव्हा त्याचा फोन आला. ग्रिटचंही पुढचं चाक बांधतोय, उरलेल्या दोऱ्यांचं. आज दुपारीच. मी स्टेशनच्या जिन्यात उभी होते, माणसं धक्का देऊन जात होती. मी म्हणाले, "मी येईपर्यंत थांब ना, बाबा." "का?" तो म्हणाला. मी म्हणाले, "असंच." तो म्हणाला, "असंच म्हणजे काय? तिला रविवारी हवंय." मी म्हणाले, "बरं." या संभाषणातला प्रत्येक शब्द मला पाठ आहे. मी थांब म्हटल्यापासून एकूण चौदा शब्द. त्यातला कुठलाही एक बदलला असता तर ग्रिट पडली नसती. रविवारी माझी गाडी शहरात शिरत होती तेव्हा ती ऑगस्टुसबुर्गच्या गढीवरून खाली येत होती. दुसऱ्या वळणावर सैल चाक एका अंगाला झुकलं, चाक धरणाऱ्या चिमट्याला घासलं आणि अडलं. ती सायकलवरून उडून रस्त्याकडेच्या दगडावर आपटली.

दोरा तुटला, असं सगळे म्हणाले. माझ्या विभागातल्या दोघांनी विचारलं, तुमचा दोरा तुटला का? मी म्हणाले, मला माहीत नाही. बाबा म्हणाला, "दोरा तो दोराच. शर्ट शिवावा त्याने." त्यानंतर त्याने चाक बांधलं नाही. ग्रिटच्या चाकातले वीस दोरे सोडवून त्याने खोपटातल्या खिळ्याला अडकवले आणि त्यांनी टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधू लागला. पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. तीन-तीन माणसांचं वजन पेलणारा दोरा, आणि त्याच्या कवेत एक टोमॅटोचं रोप.

गुरुवारी मी ग्रिटला फोनवर लिहिलं, "तार." पाठवलं नाही. एक शब्द पडद्यावर बघत बसले. पाठवला असता तर सगळं मिटलं असतं. तिने तारेचं चाक घेतलं असतं, ते धडपणे चाललं असतं, कमरेला हादरे बसले असते, शर्यत संपल्यावर ती लंगडत खाली उतरली असती आणि म्हणाली असती, वय झालं. कुणी काही विचारलं नसतं. खोटं बोलायला मला एकही वाक्य लागलं नसतं, एक शब्द पुरला असता, आणि तोही खरा, पोलादाचा. मी तो पुसला. पडद्याची दोरी छेडली, कपडे वाळत घालायची दोरी छेडली, जेवताना काटा ताटाच्या कडेवर वाजवला. शेजारच्या घरातून भिंतीवर थाप आली.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर रोनीच्या दुकानात गेले. रोनी सायकलींचा धंदा बापाकडून शिकला आणि बोलणं आईकडून. मी दोऱ्याचं नाव काढताच त्याने दोन्ही हात वर केले. "इनेस, माझ्या दुकानात तो शब्द नको. तुझ्या बाबाने दोऱ्याची अब्रू या गावात पार धुऊन टाकलीय. गेल्या वर्षी एकाला दाखवलं तर म्हणाला, टोमॅटो नाहीत माझ्याकडे." तरीही त्याने माळ्यावरून चाक काढलं. जर्मनीतच बांधलेलं, पन्नासची रिम, वीस दोरे, पांढरे, किंचित खरखरीत. शेजारी तेच चाक तारेचं ठेवलं. मी तार छेडली: टिंग. दोरा छेडला: त्याहून वर, दबका, पटकन विझणारा. सा आणि पंचम. दुकानातला पंखा, बाहेरची ट्राम, कुणाचं तरी बोलणं या सगळ्यातूनही मला दोन्ही लख्ख ऐकू आले, आणि वाटलं, एवढी साधी गोष्ट आहे. "कुणासाठी?" रोनीने विचारलं. ग्रिटसाठी म्हटल्यावर त्याने चाक माझ्या हातातून जवळजवळ काढूनच घेतलं. "वेड लागलंय? तिला?" मी म्हणाले, "दोऱ्याने वाऱ्यात चार सेकंद जातील. पण कंबर वाचेल." "चार सेकंदांचं सोड, चार सेकंदांत ती दहादा घंटा वाजवते. ती पडली कशी ते तू विसरलीस काय?" मी म्हणाले, "दोरा तुटला नव्हता." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला कसं माहीत?" मी म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत दे मला हे. परत आणते." माझा आवाज जरा चढला असावा, कारण त्याने पुढे काही न विचारता चाक कापडी पिशवीत घातलं.

शनिवारी पावणेएक वाजता मी बागेच्या फाटकात होते. त्या आठवड्यात बर्फाचे संत होऊन गेले होते. मे महिन्यातल्या त्या संतांच्या दिवसांत शेवटचं दव गोठतं अशी इथली समजूत आहे, ते दिवस गेल्याशिवाय टोमॅटो बाहेर लावायचे नाहीत. म्हणून सगळ्या बागांतून वाकलेल्या पाठी दिसत होत्या. बाबाही गुडघ्यांवर होता. एकोणऐंशी वर्षांचा माणूस उठताना कुंपण धरतो, पण बसताना अजून कशाला धरत नाही. त्याच्या गळ्यात दोऱ्यांची जुडी होती. "आलीस? कॉफी थर्मासमध्ये आहे. कालचा केक आहे, वरचा थर ड्रेक्सलरबाईंच्या मांजरीने चाटलाय, खालचा चांगला आहे." कुंपणापलीकडून बाई बाबाला म्हणाल्या, "माझी मांजर असलं काही खात नाही, नेस्टलर. तुमची कॉफी बघा, कपाचा तळ दिसतो तिच्यातून." "दिसला पाहिजेच, बाई. तळ न दिसणाऱ्या कपावर माझा विश्वास नाही." मी पिशवी खोपटाच्या पायरीवर ठेवली. एकची घंटा झाली. एकेक यंत्र थांबलं, कुठेतरी कुदळ टेकवल्याचा आवाज आला, आणि मग ती शांतता पसरली, जिच्यात मी लहानपणी वर की खाली सांगायचे. अंगठा आपोआप बोटावर घासू लागला. मी हात मांडीखाली घेतला.

"काय आणलंस?" बाबाने विचारलं. मी चाक बाहेर काढलं.  त्याने हात पँटला पुसले, चाक घेतलं, खोपटातल्या स्टँडवर चढवलं, फिरवलं. आऊट नव्हता. मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्याने कपाळ रिमला टेकवलं आणि छेडलं. एक. दोन. वीसच्या वीस. मी स्टुलावर बसले होते, त्याच. शेवटी तो म्हणाला, "बांधणाऱ्याला कान नाहीत. फार चढवलंय. उतरव, नाहीतर रिम तडकेल."

"नाही, बाबा. हे बरोबर आहे."

"हे?" त्याने पुन्हा छेडलं. "हे कितीतरी वर आहे."

 तीन दिवस मी हे वाक्य तयार करत होते, आणि आता ते एखाद्या वर्गात शिकवल्यासारखं बाहेर पडलं. दोरा हलका आहे. हलका दोरा तेवढ्याच ताणाखाली वर बोलतो. पोलादाचा सूर दोऱ्यातून काढला तर तो ढिला राहतो, निम्म्याहून ढिला. बाबा ऐकत होता, डावा कान माझ्याकडे करून. मला वाटलं, समजावून सांगायला वेळ लागेल, आकडे लागतील. आकडे मांडायला मी बियांचं पाकीट शोधू लागले. पण तो म्हणाला, "खर्जाची तार." त्याचा भाऊ गिरणीच्या वाद्यवृंदात मोठं व्हायोलिन वाजवायचा, उभ्याने वाजवायचं ते. "खर्जाच्या तारेवर दुसरी तार गुंडाळतात. जड व्हावी म्हणून. नाहीतर खाली उतरताना लोंबते." तो स्वतःशीच बोलत होता. "म्हणजे मी दोऱ्याला खर्ज गायला लावला. आणि तो लोंबला." मग तो खाली बसला, पायरीवर, एकदम. मी उठले तर हात केला, बस म्हणून.

"मला वाटलं माझे कान," तो म्हणाला.

मला नीट कळलं नाही. तो म्हणाला, "एकही दोरा तुटला नव्हता ग. सोडवले तेव्हाच बघितलं मी. विसाच्या वीस शाबूत. दोरा तुटला म्हणतायत सगळे, तर तुटलेला कुठे आहे? मला वाटलं, मीच ऐकलं नाही. ऐकू येत नाही आणि येतं म्हणून सांगतोय. म्हणून मीही म्हणालो, दोरा." त्याने गळ्यातली जुडी काढून मांडीवर ठेवली. "दोन वर्षं मला वाटतंय, बहिऱ्या माणसाने ग्रिटला पाडलं."

ही गोष्ट माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हती. मी दोन वर्षं एवढंच मोजत होते की मी त्याला एक दुपार दिली. त्याच्याकडून काय काढून घेतलं ते मोजायला काटाच लावला नव्हता. "कान बरोबर होते, बाबा," मी म्हणाले. "सूर अगदी अचूक होता. मी मोजला होता. सूरच दुसरा हवा होता." आणि वाक्य संपायच्या आत मला कळलं की मी काय बोलून गेले. त्यालाही कळलं. त्याने मान वर केली. डोळे रागाचे नव्हते. आऊट शोधताना असतात तसे होते, चाक फिरतंय आणि तो एका जागी नजर रोखून बसलाय, कुठे घासतंय ते बघत.

"तुझं चाक मग का टिकलं?"

पलीकडे बाईंची खुर्ची करकरली. रुळावरून मालगाडी गेली, लांबलचक; ती जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो. त्या आवाजात त्याला ऐकू आलं नसतं, आणि हे पुन्हा सांगणं मला जमलं नसतं. गाडी गेली. "मी आवळलं होतं," मी म्हणाले. "तू झोपला होतास. प्लमच्या झाडाखाली."

"आणि आखेनहून?"

"आखेनहून सांगायला हवं होतं. मी असंच म्हणाले."

"असंच म्हणालीस," तो म्हणाला. एवढंच. तो उठला, कुंपण धरून, आणि टोमॅटोंकडे गेला. सकाळपासून लावलेली सात रोपं होती. त्याने वाकून प्रत्येकाचा दोरा सोडवला, एक-एक, गाठी नखाने उकलत. रोपं कलंडली. सात दोरे जुडीत मिळवून त्याने मोजले, वीस, माती झटकली आणि माझ्या हातात दिले. "यंत्रावर लाव यांना. तुटायला किती लागतं ते लिहून आण मला. आकडा पाहिजे." मग चाकाकडे न बघता म्हणाला, "आणि हे तिला दे. आज. माझ्याआधी तिला कळायला हवं होतं." मी विचारलं, "तू येतोस?" "मी टोमॅटो बांधतो," तो म्हणाला. "सुतळी आहे का बघतो." मी निघाले तेव्हा तो बियाण्यांच्या खणात हात घालून काहीतरी शोधत होता. सुतळी तिथे ठेवत नाही तो. पण मी थांबून पाहिलं नाही.

ग्रिट शनिवारी दुपारची पाळी करते. थांब्यावर आलेली तिसरी ट्राम तिची निघाली. मी पुढच्या दाराने चढले, चाक पिशवीबाहेर छातीशी धरून, खिशात वीस मातकट दोरे. तिने आरशात पाहिलं. "वा! दोरा?" "दोरा," मी म्हणाले. "तुझ्या बाबाने बांधलंय?" "नाही. सांगते." "सांग की." मी तिच्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. ती फसकन हसली. "तू आणि तुझे नियम." मी खांब धरून उभी राहिले. चौदा थांबे. गाडीचा थरकाप खांबातून तळव्यात, तळव्यातून कोपरात येत होता, आणि दुसऱ्या हातातलं चाक अजिबात थरथरत नव्हतं. रिम माझ्या बरगड्यांना लागून होती तरी. एक म्हातारी शेजारी येऊन म्हणाली, "केवढं पांढरं चाक! लग्नाचं आहे काय?" मी नाही म्हटलं. ग्रिट प्रत्येक थांब्यावर डावा पाय आधी ताणून मग सैल सोडत होती. हे मी दोन वर्षं पाहिलेलं नव्हतं, कारण मी नेहमी मागच्या दाराने चढत होते.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. ग्रिटने गाडी बंद केली. दिव्यांची गुणगुण थांबली, आणि तिने खुर्ची फिरवली, खुब्यावर हात ठेवून. "हं. बोल."

"माझं चाक मी चोरून आवळलं होतं," मी म्हणाले. "तुझं ढिलं असणार हे मला माहीत होतं. मी फोनवर होते, आणि सांगितलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. मग हात लांब करून एका दोऱ्यावर अंगठा ठेवला, छेडला नाही, नुसता दाबून पाहिला. गाडीतल्या घड्याळाकडे मान वळवली.

"गाडी परत सुटायला नऊ मिनिटं आहेत," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."